स्विमसूटच्या कापडाची शिवण सारखी उसवते, मशीन टाके सोडते: काय काय तपासायचं

लेकीची मल्लखांबाची शॉर्ट तिसऱ्यांदा त्याच जागी उसवली तेव्हा ठरवलं की आता नुसती परत टीप मारून द्यायची नाही, हे का होतंय ते शोधून काढायचं. जागा कुठली ते शिवणाऱ्या प्रत्येकीला माहितीये, मागची बैठकीची शिवण, दोन्ही पाय जिथे जुळतात तिथून वर चार बोटं. उभं राहिलं की फिटिंग एकदम मस्त, उकिडवं बसलं की टर्र, आणि उलटी करून बघावी तर कापडाला ओरखडासुद्धा नाही, फक्त दोरा तुटलेला. पोरगी दोरीवर साधी अढी मारायलाही बिचकायला लागली, सारखा हात मागे, टी-शर्ट खाली ओढायचा. वर चढल्यावर तिचं लक्ष पकडीवर पाहिजे, कपड्यावर नाही, त्यामुळे मला ते फार लागलं.

कापड होतं नायलॉन-लायक्रा. दुकानात कुणी स्विमसूटचं कापड म्हणतं, कुणी फोर वे लायक्रा. साधारण ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के स्पॅन्डेक्स (लायक्रा हे त्याचंच ब्रँडचं नाव), थोडं इकडेतिकडे. आपल्या रोजच्या कॉटनच्या लेगिंग्जमधे स्पॅन्डेक्स ५ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून त्यावर हात बसलेला असला तरी तो अनुभव इथे पुरत नाही. स्पॅन्डेक्स म्हणजे १९५८ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स या केमिस्टने तयार केलेला धागा, स्वतःच्या पाचपट ताणला तरी परत जागेवर येतो. असा धागा कापडात पाचवा हिस्सा असताना आपण त्याच्यावर परकर शिवायच्या दोऱ्याने सरळ टीप मारतो, मग सगळं ताणतंय आणि एकटा दोरा ताणत नाहीये म्हटल्यावर तुटणार कोण, तर दोराच.

त्यानंतर मी ह्या कापडात बरंच शिवलं, स्वतःला पळायच्या टाइट्स, भाच्याला सायकलिंगची शॉर्ट, जाऊबाईंना साडीखाली घालायचा फिटिंगचा परकर, आणि स्कूटरवर उन्हापासून हात झाकायला बाह्यांच्या तर किती जोड्या झाल्या त्याची मोजदाद नाही. प्रत्येकात काही ना काही बिघडलं आणि बहुतेक वेळा कारण त्याच चार-पाच गोष्टींपैकी एक निघालं. म्हणून ज्या क्रमाने मी तपासते त्याच क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला की माणूस उगाच टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतो आणि चांगली चालणारी मशीन बिघडवून ठेवतो.

सगळ्यात आधी सुई. अगदी आधी. मशीन टाके सोडते, म्हणजे पाच-सहा टाके नीट पडतात मग एक लांबलचक उडी, परत चार नीट, परत उडी, असं असेल तर दहातल्या आठ वेळा सुईच चुकीची असते. हे का होतं ते एकदा डोळ्यांनी बघाच. मशीनचं शटलवरचं झाकण काढा, फूट खाली, कापड लावलेलं, आणि चाक हाताने अगदी हळू फिरवा. सुई तळाला जाते आणि वर यायला लागते तेव्हा साधारण दोन मिलिमीटर वर आली की सुईच्या मागे दोऱ्याचा एक इवलासा फुगा तयार होतो. शटलचं, म्हणजे खाली बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक त्या फुग्यात शिरतं आणि टाका पडतो. आता कॉटनवर कापड जागेवर बसून राहतं म्हणून दोरा मागे राहतो आणि फुगा येतो. लायक्रा मात्र सुईला चिकटतं, सुईबरोबर तेही तंबूसारखं वर उचललं जातं, दोऱ्याला घट्ट धरून ठेवतं, फुगा येतच नाही आणि शटलचं टोक रिकामंच फिरून जातं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा अर्धा तास नुसतं चाक फिरवत बसले होते, इतकं स्वच्छ दिसतं.

ह्याच्यासाठी स्ट्रेच सुई मिळते. साधी घरगुती सुई एचएएक्स१, तिच्यातलीच स्ट्रेचची पाकिटावर १३०/७०५ एच-एस किंवा एचएएक्स१एसपी अशी लिहिलेली असते. टोक किंचित गोल असतं म्हणजे विणीचे धागे कापत नाही, बाजूला सारून जातं, आणि नेढ्याच्या वर मागच्या बाजूला जी खाच असते ती जास्त खोल असते त्यामुळे शटलचं टोक दोऱ्याच्या अजून जवळून जातं. बॉलपॉइंट किंवा जर्सी म्हणून मिळते ती वेगळी, ती बनियनच्या कापडाला चालते पण २० टक्के स्पॅन्डेक्सला ती पुरेलच असं नाही, दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतात म्हणून नाव वाचून घ्या. नंबर ११ बहुतेक सगळ्याला चालतो, चार थर एकत्र येत असतील तर १४. आणि मशीनबरोबर आलेली १६ नंबरची जाड सुई ह्या कापडात घालूच नका, भोकं पडतात, आणि ताणलं की त्या भोकांच्या शिड्या होतात.

सुई बदलली तरी टाके सुटतायत? मग कापड धुतलं होतं का ते आठवा. नव्या कापडावर कारखान्यातलं फिनिश असतं, ते कधीकधी सुईला ओढतं. साध्या पाण्यात थोड्या साबणाने धुऊन, सावलीत वाळवून मग बेतलं की फरक पडतो. त्यावर अजूनही उडी मारत असेल तर झिगझॅगच्या पट्टीचं रुंद भोक कारण असतं, सुई कापडाला त्या भोकात ढकलत नेते. ज्यांच्या मशीनला सुई डावीकडे सरकवायची सोय आहे त्यांनी सरळ टिपेला सुई एकदम डावीकडे घ्या, मग एका बाजूने तरी कापडाला भोकाच्या काठाचा आधार मिळतो. छोट्या गोल भोकाची पट्टी असेल तर सरळ टिपेला ती सगळ्यात छान, पण ती लावून चुकूनही झिगझॅगवर जाऊ नका, सुई पट्टीवर आपटून तुटते आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. आणि शेवटचा उपाय म्हणजे कापडाखाली बटर पेपरची पट्टी घालून शिवायचं आणि नंतर फाडून काढायची. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

चमकी किंवा फॉइलचा प्रिंट असलेलं कापड असेल तर अजून एक, त्याचा चिकटा सुईला बसतो, दर थोड्या वेळाने सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

आता टाका. टाके सुटणं आणि शिवण उसवणं ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि आपण त्या एकत्र करून टाकतो. टाके सगळे नीट पडलेत तरी शिवण तटकन तुटते, ती टाक्याच्या जातीमुळे. मी जी चाचणी करते ती अशी, त्याच कापडाच्या २० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एकमेकींवर ठेवून शिवायच्या, आणि फूटपट्टीवर धरून ३० पर्यंत ताणायच्या. एकदा नाही, दहा वेळा, आणि कान देऊन. बारीक कट् असा आवाज आला तर तो एक टाका गेला, आज एक गेलाय, अंगावर दहा जातील. ३० का, तर लेकीला उभं करून मागे कंबरेपासून दोन पायांच्या मधल्या जागेपर्यंत टेपने मोजलं तेव्हा आलं ३० सेंटिमीटर, तिला उकिडवं बसवून मोजलं तर ३६, म्हणजे नुसतं बसल्यावरच कापड पाचव्या हिश्श्याने लांब व्हायला पाहिजे, त्यात ते आधीच अंगापेक्षा कमी मापाचं बेतलेलं, आणि वर उड्या. म्हणून दीडपट तरी टिकलं पाहिजे असा माझा हिशोब आहे, तो कुठे लिहिलेला नियम नाही.

सरळ टीप ह्या चाचणीत हमखास जाते. झिगझॅगची मशीन असेल तर रुंदी १ आणि लांबी २ ते अडीच ठेवा, इतकी बारीक झिगझॅग की लांबून सरळच दिसते, पण दोरा वेडावाकडा गेल्यामुळे ताणायला जागा राहते. काही मशीनवर विजेच्या आकाराचा टाका असतो तो पण चांगला, फक्त उसवायची वेळ आली तर रडू येतं, म्हणून फिटिंग पक्कं होईपर्यंत तो वापरू नका.

ज्यांच्याकडे पायाची काळी मशीन आहे, नुसती सरळ टीप मारणारी, त्यांना सगळीकडून हेच ऐकायला मिळतं की लायक्रा तुमचं काम नाही. मला हे पटत नाही. मी पहिल्या दोन टाइट्स आईच्या पायाच्या मशीनवरच शिवल्या. टाका बारीक ठेवायचा, म्हणजे साधारण २ मिलिमीटर, वरचं टेन्शन अर्धा फेरा सैल, आणि शिवताना एक हात फूटच्या पुढे एक मागे ठेवून कापड थोडं, अगदी थोडंच, ताणून धरायचं, दोन्ही हातांनी सारखं. मागच्या हाताने ओढायचं नाही, दात्यांनी कापड नेलं पाहिजे, नाहीतर सुई वाकते. मग तीन मिलिमीटर सोडून मार्जिनमधे दुसरी टीप. बॉबिनमधे टेक्सचर केलेला फुगीर नायलॉनचा दोरा मिळाला तर घाला, तो लोकरीसारखा मऊ असतो आणि ताणतो, फक्त बॉबिन हाताने गुंडाळायची, सैल. अशी शिवण ३० पर्यंत जात नाही हे खरं आहे पण २६-२७ ला टिकते, आणि चालायच्या टाइट्सना किंवा बाह्यांना तेवढं पुष्कळ झालं. मल्लखांबाला, जिम्नॅस्टिकला नाही, तिथे झिगझॅग पाहिजेच.

ओव्हरलॉकबद्दल थोडं. पिको-फॉलच्या दुकानात हेच इंटरलॉक म्हणून करून मिळतं म्हणून आपण फक्त तेवढंच करून घेतो, मी पण तेच केलं होतं, पहिल्या वेळी तीच शिवण उसवली होती. तिथली मशीन बहुतेक तीन दोऱ्यांची असते, ती कापडाची कड बांधायला आहे, दोन तुकडे जोडून जोर सहन करायला नाही. ताणलं की शिवण दात विचकल्यासारखी उघडते आणि आतले दोरे दिसतात. त्यात त्या दुकानदाराचा दोष नाही, त्याला आपण कड बांधायला सांगितली ती त्याने बांधली. आधी घरी बारीक झिगझॅगने जोडा, मग इंटरलॉकला द्या, आणि आपल्या कापडाचा एक तुकडा आधी चालवून बघायला सांगा, कारण ब्लेड बोथट असेल तर लायक्रा चावल्यासारखी कापली जाते. चार दोऱ्यांची मिळाली तर एकाच फेरीत काम होतं, ६-७ मिलिमीटरचं मार्जिन बरोबर बसतं.

दोऱ्याचं म्हणाल तर पॉलिएस्टर घ्या, सुती दोरा नको, विषय संपला. पण दोरा तुटतो तेव्हा एक बघायची सवय लावा, तुटलेला कुठला आहे, वरचा का बॉबिनचा. मी दोन रंगांचे दोरे लावून तपासते, वर लाल खाली निळा, चाचणीची पट्टी ताणली की कळतं. दर वेळी निळाच तुटत असेल तर वरचं टेन्शन कितीही फिरवा काही उपयोग नाही, बॉबिन घट्ट आहे. आणि बॉबिन घट्ट असण्याचं एक कारण कुणी सांगत नाही ते म्हणजे आपण बॉबिन भरताना मशीन फुल स्पीडला पळवतो, पॉलिएस्टरचा दोरा ताणून गुंडाळला जातो आणि शिवणीत गेल्यावर आरामात आखडतो, मग तासाभराने बघावं तर मघाशी सपाट असलेली शिवण चुण्या पडल्यासारखी. बॉबिन हळू भरा, एवढंच.

आता उलटी तक्रार, शिवण तुटत नाही पण खालची दुमड लाटांसारखी होते, टी-शर्टचा घेर कोबीच्या पानासारखा. ह्याला कारण फूटचा दाब. वरून फूट दाबतं, खालून दाते ढकलतात, मधे कापड लाटलेल्या पोळीसारखं पसरतं आणि त्याच अवस्थेत टाका त्याला पकडून ठेवतो. मशीनच्या डोक्यावर दाबाचा स्क्रू असतो तो सैल करा, ज्यांना तो नाहीये त्यांनी परत बटर पेपर. ओव्हरलॉकवर डिफरन्शियलचा खटका असेल तर १ वरून दीडकडे न्या, पुढचे दाते जास्त कापड भरतात आणि लाट बसते. कॉटनमधे आपण अशी लाट इस्त्रीने बसवतो ना, इथे ते करू नका, केलीच तर इस्त्री एका ठिपक्यावर, वर सुती फडकं, आणि दाबून लगेच उचलायची. गरम इस्त्रीने स्पॅन्डेक्सचा जीव जातो, कापड तिथे चकाकतं आणि परत कधीच ताणत नाही. एका टाइट्सच्या गुडघ्यावर मी असा इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी डाग करून बसले, तो तिथेच आहे.

दुमड शक्यतो टाळाच असं मी म्हणेन. हे स्वेटरसारखं फासांनी विणलेलं कापड आहे, कड उसवत नाही, त्यामुळे नुसती स्वच्छ कापून सोडली तरी बाह्यांना चालते, किंवा त्याच कापडाची दुहेरी पट्टी किंचित कमी मापाची घेऊन जोडायची, ती दिसायलाही छान आणि तुटायचा प्रश्न नाही. जोड सुईने केलेली दुमड सुंदर दिसते खरी, पण तिच्याखाली एकच बॉबिनचा दोरा दोन टिपांच्या मधून पळत असतो, तो आखूड असला की दोन टिपांच्या मधे उंचवटा येतो आणि पाय घालताना घोट्याशी पहिला तोच तुटतो. करायचीच तर स्ट्रेचची जोड सुई घ्या, साधी नको, आणि बॉबिन केसचा स्क्रू पाव फेरा सैल. दुसरी बॉबिन केस असेल तर ह्या कामाला वेगळी ठेवा.

इथपर्यंत सगळं करूनही उसवत असेल तर मग कापडाकडे आणि कटिंगकडे वळायचं. आणि इथे एक मोठी गोष्ट आहे जी मला खूप उशिरा कळली. बनियनचं, टी-शर्टचं होजिअरी कापड आडवं जास्त ताणतं, एका काठापासून दुसऱ्या काठाकडे. स्विमसूटच्या बऱ्याच कापडात उलटं असतं, काठाला समांतर म्हणजे उभ्यात ताण जास्त. आपण सवयीने उभं बेतलं की जास्तीचा ताण पायाच्या लांबीत जातो आणि मांडीच्या घेरात कमी पडतो, मग मांडीला आवळतं, बसताना सगळा जोर बैठकीच्या शिवणीवर येतो, आणि आपण दोऱ्याला शिव्या देतो. कापड घेतलं की दोन्ही दिशांनी १० सेंटिमीटर मोजून ताणून बघा. १० चं १६ झालं तर ६० टक्के. आणि सोडल्यावर परत १० वर आलं पाहिजे. ११ वर थांबलं तर ते कापड टाइट्सला नको, दोन दिवसांत गुडघ्याला फुगे येतात. जास्त ताणणारी दिशा अंगाभोवती गेली पाहिजे. फक्त लेकीच्या सलग पोशाखात मी दोन्ही दिशांना भरपूर ताण असलेलंच घेते, कारण तिथे खांद्यापासून खालपर्यंतची लांबीही ताणते.

माप अंगापेक्षा कमी घ्यायचं हे बरोबर आहे, पण किती कमी. मी घेरात दहा टक्के धरते, नितंब ९६ तर कपडा ८६. काहीजणी १५-२० पर्यंत जातात, पोट आत दिसावं म्हणून, आणि मग दोन गोष्टी होतात, शिवण कायमची ताणलेली राहते आणि कापड पारदर्शक होतं. स्विमसूटचं कापड साधारण १८० ते २२० जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) असतं, पाण्यातल्या कपड्याला आतून अस्तर लावायचं गृहीत धरलेलं असतं. बाहेर घालायच्या टाइट्सना शक्यतो २२०च्या वरचं घ्या. दुकानातच तळहातावर ताणून उजेडात धरा, बोटातली अंगठी दिसली तर गडद रंग बघा नाहीतर अस्तराचा हिशोब धरा. घाऊक बाजारात हे कापड किलोवर मिळतं आणि नवीन माणूस तिथे गोंधळतो. हिशोब सोपा आहे, २०० जीएसएम आणि दीड मीटर पन्हा असेल तर एका मीटरचं वजन ३०० ग्रॅम, म्हणजे किलोत साधारण सव्वातीन मीटर, दोन मोठ्या माणसांच्या टाइट्स आणि उरलेल्यात पोरांच्या शॉर्ट्स निघतात.

बेतताना कापड टेबलावरून खाली लोंबकळू देऊ नका, स्वतःच्या वजनाने ताणतं आणि कापल्यावर आखडतं. रात्रीच उलगडून ठेवते मी. टाचण्यांऐवजी कागदावर स्टीलच्या वाट्या ठेवते, आणि जोडताना केसांचे छोटे चिमटे.

आणि मियानी. आपल्या आज्यांनी सलवारीत, लेंग्यात दोन पायांच्या मधे जो चौकोनी तुकडा घातला तो काही उगाच नव्हता. चार शिवणी एका बिंदूत आल्या की सगळा ताण त्या एका गाठीवर येतो. मधे पतंगाच्या आकाराचा तुकडा घातला की तो बिंदू चार जागी वाटला जातो. लेकीच्या शॉर्टचं दुखणं शेवटी कशाने गेलं तर स्ट्रेच सुई, बारीक झिगझॅग आणि ही मियानी, तिन्ही मिळून. मियानीला आतून सुती होजिअरीचं अस्तर लावा. सुती कापड हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरतं, नायलॉन चार टक्के, पॉलिएस्टर तर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे नायलॉन वाळतं पटकन पण घाम अंगावरच राहतो, आणि मे महिन्यात दिवसभर ते घालून बसलं की मांडीला पुरळ येतं. ह्याच कारणाने ह्या कापडाचे रोजचे टी-शर्ट मी बंद केले, नवऱ्याला एक शिवला होता, सकाळच्या पळण्यापुरता ठीक आहे, ऑफिसला नाही. टाइट्स, शॉर्ट्स, बाह्या, साडीखालचा परकर ह्यांना मात्र उत्तम.

कंबरेचं इलॅस्टिक. वेणीसारखं विणलेलं पातळ इलॅस्टिक ताणलं की अरुंद होतं, त्याच्यावर थेट टीप मारली की सुईने आतलं रबर तुटतं आणि महिन्याभरात सैल पडतं, ते फक्त नेफ्यात ओवायला घ्या. टीप मारायची असेल तर ताणल्यावर रुंदी न बदलणारं घ्या, दुकानात ओढून बघितलं की लगेच कळतं. कंबर ७६ तर इलॅस्टिक ६८, चार भाग करून खुणा, खुणेला खूण जुळवून तीन टप्प्यांच्या झिगझॅगने आतून लावायचं, दुमडायचं, परत एकदा झिगझॅग.

धुण्याने शिवण जात नाही पण कापड जातं. तलावातून आलं की लगेच साध्या पाण्यातून काढा, क्लोरीन स्पॅन्डेक्स खातं. ब्लीच नाही, कंडिशनर नाही, गरम पाणी नाही, उन्हात नाही, पिळायचं नाही. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावतात, ते शॉर्टला लागतंच, त्याच दिवशी भांड्याच्या साबणाचा थेंब चोळून धुवा, राहिलं की डाग बसतो आणि वासही.

चाचणीची पट्टी फेकू नका. मी एका वहीत प्रत्येक कापडाची पट्टी टाचून ठेवते आणि शेजारी पेन्सिलने सुईचा नंबर, टाक्याची रुंदी-लांबी, फूटचा दाब, आणि किती सेंटिमीटरला पहिला टाका तुटला ते लिहिते. परवा लेकीचा नवीन पोशाख काढला तेव्हा निळ्या कापडाचं पान उघडलं, ११ नंबर स्ट्रेच, १ बाय २, दाब सैल, ३३ ला पण तुटला नाही, आणि त्याच आकड्यांवर थेट शिवायला बसले.